पाठ नसलेला कोट

“युद्ध हा राष्ट्राचा कणा आहे,” प्रेरणामंत्री म्हणाले, आणि त्या वेळी त्यांचा स्वतःचा कणा मानेपासून कमरेपर्यंत उघडा होता. बनियनही मधोमध विरलेलं होतं. पुढून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नव्हतं. पुढून सगळं झकास होतं. उभी कॉलर, पितळी बटणं, खांद्यावर पट्टे, छातीवर रंगीत फिती. मागे कपडे वाळत घालायचे चिमटे होते, आणि त्यातला एक नुकताच टप्कन निसटून खुर्चीखाली गेला होता.

“हलू नका साहेब,” फोटोमामा म्हणाले. “राष्ट्र सुटतंय.”

तो कोट मामांच्या स्टुडिओचा. त्याच्याबद्दल आधी सांगायला हवं, कारण गावातून लढाईवर गेलेला प्रत्येक शूरवीर त्याच एका कोटातून गेला आहे. भरती झालेल्या मुलाला खरा गणवेश मिळतो तो तळावर पोचल्यावर. घरच्यांना फोटो हवा असतो त्याच्या आधी, मुलगा हाताशी असताना. म्हणून लढाई सुरू झाली तेव्हा मामांनी आपल्या थोरल्या बहिणीला एक लष्करी कोट शिवायला सांगितला. ताईचं दुरुस्ती-शिलाईचं दुकान पहिल्या मजल्यावर स्टुडिओला लागूनच आहे, मध्ये फक्त एक भिंत.

“कुणाच्या मापाचा शिवू?” ताईनं विचारलं.

“सगळ्यांच्या.”

“असा कोट नसतो रे बाबा.”

“मग तू कशाला आहेस?”

ताईनं कोट शिवला, नीट इस्त्री केला, टेबलावर पालथा टाकला आणि कात्री घेऊन त्याची पाठ वरपासून खालपर्यंत उभी चिरली. प्रश्न मिटला. काडीपहिलवान आला की मागून चिमटे लावून आवळायचा, भोपळा आला की मोकळा सोडायचा. पुढून प्रत्येकाला तो अगदी बेतल्यासारखा बसायचा. अख्खं सैन्य एका कोटात भागवल्याचं अर्थखात्याला कळलं असतं, तर त्यांनी मामांचा जाहीर सत्कार केला असता आणि पुढच्या वर्षीपासून खरे गणवेशही पाठीविना काढले असते.

मामांची पद्धत ठरलेली. जमिनीवर खडूची खूण, तिथे खुर्ची. दिवे कधी हलवायचे नाहीत. मग तीन हुकूम: “हनुवटी वर. श्वास आत. आईकडे बघू नको.” तिसरा हुकूम सगळ्यात महत्त्वाचा. आया दाराशी उभ्या असत, आणि मुलानं तिकडे पाहिलं की इतका वेळ जमवलेला चेहरा एका क्षणात कोसळायचा. मग पाणी प्या, नाक पुसा, पुन्हा बसा.

लढाई दोन महिन्यांत संपणार होती. सरकारनंच तसं सांगितलं होतं, आणि दर दोन महिन्यांनी न चुकता पुन्हा सांगत होतं. दरम्यान बेकरीचा भट्टीवाला गेला, म्हणून पाव कच्चा येऊ लागला. शाळेतले चित्रकलेचे मास्तर गेले, म्हणून चित्रकलेच्या तासाला मुलांना कवायत मिळाली. न्हाव्याच्या दुकानात केस असलेलं गिऱ्हाईक येईना. जे टकले उरले ते नुसतेच पेपर वाचायला येत आणि आघाडी कुठे मोडली पाहिजे याबद्दल न्हाव्याला सूचना देत. टीव्हीवरचे तज्ज्ञ छड्या घेऊन नकाशाला ढोसत होते. त्या नकाशात गावं नव्हती, नुसते बाण होते.

याच काळात ताईच्या मुलाचा नंबर लागला.

त्याला सगळे मिचक्या म्हणत. उजेड डोळ्यांवर आला, कुणी मोठ्यानं बोललं, दार आपटलं, की त्याचे दोन्ही डोळे गप्पकन मिटायचे. लहानपणापासून तसंच. तो नगरपालिकेत पाण्याचे मीटर वाचायचा आणि कुत्र्यांना भलता घाबरायचा. फाटकाबाहेर उभा राहून हाक मारायचा, “काकू, तेवढा आकडा तुम्हीच वाचून सांगा ना!” काकू सांगायच्या. त्याच्या भागात पाण्याचा खप गावात सगळ्यात कमी होता. वरिष्ठांनी त्याबद्दल त्या भागातल्या नागरिकांचं कौतुकही केलं होतं.

या माणसाच्या हातात सरकारनं बंदूक दिली.

निघायच्या आदल्या दिवशी तो मामाच्या खुर्चीत बसला. हनुवटी वर, श्वास आत. दिवा चमकला, डोळे मिटले. पुन्हा चमकला, पुन्हा मिटले. मामा चिडले, भाचा हसला, दाराशी उभी असलेली ताई हसली, आणि शेवटी तिघं इतके हसले की कोटाचे सगळे चिमटे तडातड उडाले. एकाही फोटोत डोळे उघडे आले नाहीत.

“राहू दे रे,” ताई म्हणाली. “मला तो असाच माहितेय.”

पण मामांचं मन काही मानेना. आपल्या भाच्याचा फोटो, आणि त्यात तो झोपलेला? एक दिवस संगणकावर बसून त्यांनी इलाज केला. तोच कोट, तीच खुर्ची, तेच दिवे आणि टक्क उघडे डोळे, असा दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा फोटो त्यांच्याकडे होता. ते डोळे उचलले आणि भाच्याला लावले. बेमालूम बसले. मुलगा सुट्टीवर आला की नीट नवा फोटो काढू, तोवर हा चालेल, असा त्यांचा विचार होता.

मग प्रेरणा खात्यानं गावोगावच्या स्टुडिओंतून फोटो मागवले आणि त्यातून नेमका हा निवडला. का, तर ‘नजरेत निर्धार आहे.’ स्टुडिओसमोरच्या बँकेच्या इमारतीवर, गच्चीपासून तळमजल्यापर्यंत, मिचक्याचा फ्लेक्स लागला. वर चेहरा, खाली कोट आणि तळाला माणसाच्या उंचीची अक्षरं: ‘मी निघालो. तुम्ही?’

पहिल्या दिवशी ताईनं दुकानाचं शटर वर केलं, समोर पाहिलं आणि शटर पुन्हा खाली ओढलं. ती मागच्या दारानं स्टुडिओत आली.

“अरे, तो कोण बघतोय माझ्याकडे?”

मामांनी सगळं सांगितलं. डोळे कुणाचे तेही सांगितलं. ताई ऐकून आधी खाली बसली, मग हसली. “येऊ दे त्याला, दाखवू,” ती म्हणाली. “पोट धरून हसेल.”

तो आला नाही. एका टेकडीवर गेला. बातम्यांत ती टेकडी ‘अत्यंत मोक्याची’ होती. तिच्यासाठी गावातली आणखीही काही मुलं गेली. पुढे कुठेशी मोठ्या माणसांची बैठक झाली, हस्तांदोलनं झाली, आणि टेकडी पलीकडच्यांना परत देण्यात आली. त्या बदल्यात त्यांनी संत्र्यांवरची जकात कमी केली. संत्री खरंच स्वस्त झाली, ते नाकारता येणार नाही. ताईनं त्यानंतर संत्रं घरात आणलं नाही. लढाई आता दुसऱ्या टेकडीसाठी चालू होती.

फ्लेक्स मात्र उतरला नाही. उलट एके सकाळी शिडीची गाडी आली आणि चेहऱ्याखाली एक ज्योत चिकटवून गेली. ज्योतीवर लिहिलं होतं ‘अमर’. खालची अक्षरं तशीच राहिली. म्हणजे अमर झालेला मुलगा अजून विचारतच होता, मी निघालो, तुम्ही?

ताई प्रेरणा खात्यात गेली. मंत्र्यांच्या सहायकानं तिला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आपला दृष्टिकोन दिला. फ्लेक्स काही मिळाला नाही.

“नातेवाईक फ्लेक्स लावा म्हणून येतात, ताई. काढा म्हणून तुम्ही पहिल्याच. काढण्याची तरतूदच नाही.”

“माझा मुलगा आहे तो.”

“होता,” सहायक हळुवारपणे म्हणाला. “आता तो राष्ट्राचा आहे. आणि खरं सांगू का? ज्योत लावल्यापासून भरती वाढलीय.”

तेव्हापासून ताई दुकानात रस्त्याकडे पाठ करून बसते. मशीन उलटं फिरवून घेतलंय. गिऱ्हाईक आलं की न वळता विचारते, “काय उसवलंय?”

आणि आता, नव्या मुलांच्या बसगाड्या चौकात उभ्या असताना, प्रेरणामंत्री मामांच्या खुर्चीत बसले होते. त्यांचाही फ्लेक्स लागायचा होता. ते कधी सैन्यात नव्हते, पण फोटोला तशी अट नव्हती. फोटो काढायचा, मग रस्ता ओलांडून चौकात जायचं आणि त्याच कोटात मुलांना निरोप द्यायचा, असा बेत होता. अडचण एकच. मंत्र्यांच्या पाठीचा विस्तार कोटाच्या कल्पनेत नव्हता. दोन्ही कडा एकमेकींपासून वीतभर लांब राहत होत्या आणि चिमटे नुसतेच लटकत होते.

“टाके घालावे लागतील,” मामा म्हणाले.

“मग घाला!” सहायक म्हणाला. “कोण घालतं?”

मामांनी मधल्या भिंतीकडे पाहिलं. “बहीण घालते माझी.”

ताई आली. हातात सुई, खांद्यावर पांढरा दोरा, कमरेला कात्री. सहायकानं तिला ओळखलं, पण बसगाड्यांचे भोंगे वाजत होते आणि त्याला दुसरा शिंपी कुठे मिळणार होता? तो पुटपुटला, “ताई, आज तो विषय नको हं.”

“मी काही बोलले का?” ताई म्हणाली आणि मंत्र्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

कापडाला कापड मिळत नव्हतं, तेव्हा तिनं सरळ कोटाची कड बनियनला शिवायला घेतली. बारीक, घट्ट, उलटे टाके. मंत्री आरशात स्वतःकडे बघत राहिले. त्यांना गप्प बसायची सवय नव्हती.

“फार पवित्र काम करताय ताई तुम्ही. घरात सैन्यातलं कुणी आहे?”

“होता.”

“वा! म्हणजे, अरेरे. पण वा! तुमच्यासारख्या मातांमुळेच हा देश उभा आहे.”

“तुम्ही बसलेलेच बरे,” ताई म्हणाली. “उभे राहिलात की टाका ओढला जातो.”

ती मानेशी पोचली. दोऱ्याला गाठ मारली, दोरा दातानं तोडला. आता मंत्री कोटात शिवले गेले होते. आत जायला वाट होती, बाहेर यायला ताईशिवाय नव्हती. मग तिनं खुर्चीला हात घातला आणि मंत्र्यांसकट ती खिडकीकडे वळवली.

“अगं, अगं!” मामा ओरडले. “खूण! खडूची खूण!”

“राहू दे तुझी खूण. साहेब, समोर बघा. बँकेवर.”

“बघितलाय. अप्रतिम आहे. मीच निवडला तो.”

“माझा मुलगा.”

मंत्र्यांनी ताबडतोब चेहरा लांब केला. सराव होता. “धन्य आहात.”

“तो तिथनं उतरवा. मला दुसरं काही नको. वीरमाता म्हणू नका, शाल देऊ नका. तेवढं उतरवा. सकाळी दूध घ्यायला बाहेर पडले की तो दुसऱ्यांच्या मुलांना बोलावत असतो. काल शेजारणीचा मुलगा गेला नाव नोंदवायला. माझ्या पोराचं तोंड बघून गेला. तिनं मला काय म्हणायचं?”

“ताई, भावना समजतो मी,” मंत्री म्हणाले. “पण एक चेहरा हजारो चेहरे जागे करतो. तुम्ही आई म्हणून विचार करताय. राष्ट्राला आईसारखा विचार करून चालत नाही.”

“बरं,” ताई म्हणाली. “मग बाप म्हणून करा. डोळे बघा त्याचे.”

“तेजस्वी आहेत.”

“नीट बघा.”

मंत्र्यांनी डोळे बारीक केले. चष्मा शर्टाच्या खिशात होता, आणि शर्ट खुंटीवर. सहायकानं धावत जाऊन चष्मा आणला. मंत्र्यांनी तो लावला. मग त्यांची हनुवटी आपोआप वर गेली आणि श्वास आत.

“हा… अहो, हा तर आमचा बब्या!”

“नुसते डोळे,” ताई म्हणाली. “खालचं नाक माझ्याकडचं आहे.”

मामांनी मान खाली घालून खुलासा केला. लढाईच्या सुरुवातीला साहेबांचे चिरंजीव याच खुर्चीत, याच कोटात बसले होते. ‘मंत्रिपुत्रही निघाला’ म्हणून पेपरात पहिल्या पानावर फोटो आला होता. निघाला तो खराच, पण त्याला धुळीची अॅलर्जी असल्याचं निष्पन्न झालं, आणि रणांगणावर धूळ असते. तेव्हा तो परदेशी गेला. सध्या हॉटेल चालवण्याचं शिक्षण घेत होता.

“भाच्याचे डोळे मिटलेले आले होते साहेब. मी चिरंजीवांचे लावले.”

“बब्याचे डोळे,” मंत्री म्हणाले. त्यांचा आवाज एकदम घरातला झाला होता. “आणि खाली ज्योत? खाली अमर? अहो, तो जिवंत आहे!”

“हो ना,” ताई म्हणाली.

“धडधाकट आहे! कालच बोललो मी त्याच्याशी! त्याच्या आईनं हे बघितलं तर काय होईल? तिला आधीच रात्र रात्र झोप नाही, पोरगं लांब आहे म्हणून. असल्या गोष्टी अशुभ असतात हो! काढा! आत्ताच्या आत्ता काढा!”

“साहेब,” सहायक म्हणाला, “उतरवण्याची तरतूद…”

“तरतूद गेली खड्ड्यात! माझ्या मुलाच्या डोळ्यांखाली ज्योत पेटवता, लाज नाही वाटत?”

सहायकानं फोन लावला. कित्येक महिने जी गोष्ट नियमात बसत नव्हती ती फोन खाली ठेवायच्या आत बसली. शिडीची गाडी चौकातच होती, मंत्र्यांच्या स्वागताची कमान बांधत. ती कमान अर्धवट सोडून बँकेकडे वळली. माणसं वर चढली, वरच्या दोऱ्या सुटल्या. आधी कपाळ वाकलं. मग ते डोळे दुमडले गेले. मग नाक, ओठ, हनुवटी, सगळं हळूहळू स्वतःवरच घडी होत खाली आलं.

ताई खिडकीच्या गजांना धरून बघत होती. मंत्रीही बघत होते. डोळे दिसेनासे झाले तसा त्यांनी मोठा सुस्कारा टाकला, आणि कपाळ पुसता पुसता त्यांचा आवाज परत व्यासपीठावर चढू लागला.

“बरं झालं. फार बरं झालं. बघा ताई, शेवटी मीही बापच आहे. तुमचं दुःख मला आज खऱ्या अर्थानं कळलं.”

ताई गजांपासून मागे आली.

“आणि एका अर्थी,” मंत्री सहायकाकडे वळले, “आमच्या घरानंही या युद्धात दिलंच की. डोळे दिले. भाषणात घालता येईल का रे हे? नाव न घेता. ‘माझ्या रक्ताचे डोळे सीमेवर जागत होते’, असं काहीतरी?”

“सुंदर,” सहायक म्हणाला.

ताईनं कात्री काढली.

मामा पुढे झाले, कारण ती बहिणीची नजर त्यांनी लहानपणी एकदाच पाहिली होती. पण तिनं मंत्र्यांना हातसुद्धा लावला नाही. तिनं कात्री कोटाच्या कॉलरखाली घातली आणि कापत खाली आली. टाके कापले, कड कापली, कडेबरोबर बनियनही गेलं.

“अहो! काय करताय?”

“माझा कोट काढून घेतेय. हलू नका, लागेल.” कात्री चालत होती आणि ती कात्रीच्याच चालीनं बोलत होती. “दोन डोळे होते तुमच्या मुलाचे. तेही कागदावरचे. चहा प्यायला लागतो तेवढा वेळही ते तुम्हाला भिंतीवर बघवले नाहीत. जीव खालीवर झाला. बायकोची झोप आठवली. माझा अख्खा होता. हाडामांसाचा होता. कुत्रं भुंकलं की मागे सरकायचा, त्याला तुम्ही टेकडीवर चढवलंत, आणि तो तिथे पडलेला असताना टेकडी संत्र्यांच्या भावात विकलीत! अशुभ? तुमच्या घरात अशुभ असतं आणि आमच्या घरात अमर असतं, होय? तुमच्या पोराला धूळ चालत नाही. माझ्या पोराची धूळ झाली, ती चालली ना तुम्हाला?”

“ताई, तोंड सांभाळून,” सहायक म्हणाला.

“तू गप रे. तू मला पाणी दिलं होतंस. तेवढ्यासाठी तुला सोडलंय.”

दोन्ही बाह्या मोकळ्या झाल्या. कोट पुढून घसरला आणि बटणं, फिती, पट्टे सगळं घेऊन मंत्र्यांच्या मांडीवर पडला. ते बनियनच्या उरलेल्या पुढच्या भागात बसले होते. आता त्यांच्याकडे बघून कुणालाही प्रेरणा झाली नसती. ताईनं कोट उचलला, काखोटीला मारला आणि खिडकीशी जाऊन पुन्हा पाठमोरी उभी राहिली.

सहायक मुरलेला होता. त्यानं खुंटीवरचा शर्ट काढला, मंत्र्यांच्या अंगात घातला, वर आपलं जाकीट चढवलं. बाह्या मनगटाच्या बऱ्याच अलीकडे संपत होत्या. मग तो मामांकडे वळला आणि खालच्या आवाजात म्हणाला,

“फोटोवाले, भिंत रिकामी राहिली ती बरी दिसत नाही. संध्याकाळपर्यंत दुसरा एखादा फोटो द्या. चेहरा चांगला हवा. आणि हे बघा, या वेळी डोळे ज्याचे त्याचेच असू देत.”

मामा दिवे बंद करत होते. लढाई सुरू झाल्यापासून न हलवलेला मोठा दिवा त्यांनी उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवला. पायानं खडूची खूण पुसली. बराच वेळ पुसत राहिले, मुरलेली होती ती.

“यापुढे जाणाऱ्यांचे फोटो मी काढत नाही,” ते म्हणाले. “परत येणाऱ्यांचे काढीन. त्यांना घेऊन या. फुकट काढीन, माझ्याच खर्चानं चौकटीत घालून देईन. आणा किती आणता ते.”

“तुमचा परवाना…”

“तो समोरच्या खिळ्याला आहे. जाताना काढून घेऊन जा. खिळा ठेवा, मला लागतो.”

सहायक परवान्याकडे गेला नाही. त्याला वेळ नव्हता. दोघं घाईघाईनं जिना उतरले.

चौकात कार्यक्रम ठरल्याप्रमाणे झाला. खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. मंत्री म्हणाले, युद्ध हा राष्ट्राचा कणा आहे. टाळ्या पडल्या. मंत्री म्हणाले, माझ्या रक्ताचे डोळे. टाळ्या आणखी पडल्या. मुलांच्या आया बसच्या खिडक्यांना हात लावून उभ्या होत्या, आणि आत बसलेली मुलं हनुवट्या वर करून सरळ पुढे बघत होती, कारण कॅमेरे होते. गाड्या सुटल्या. त्यात शेजारणीचा मुलगाही होता. त्याच्यासाठी फ्लेक्स थोडा उशिरा उतरला. ताईनं शेवटची गाडी वळेपर्यंत पाहिलं आणि भिंतीवर इतक्या जोरात मूठ आपटली की पलीकडे तिच्या दुकानातली रिळं फळीवरून खाली पडल्याचा आवाज इकडे आला.

“सगळेच गेले रे,” ती म्हणाली. “एकसुद्धा उतरला नाही.”

मामांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला. मग थोड्या वेळानं स्वतःच धरला.

दारावर थाप पडली. फ्लेक्स उतरवणाऱ्यांचा मुकादम होता. घामानं निथळत होता. पाठीमागे त्याची माणसं जिन्यात ती भलीमोठी गुंडाळी खांद्यावर तोलून उभी होती. वरच्या टोकाला मिचक्याच्या केसांची एक बट दिसत होती, फ्लेक्सच्या मापाची, प्रचंड.

“ताई, खात्याची माणसं म्हणाली कचऱ्यात टाका. मी म्हटलं, कचऱ्यात कसं टाकायचं? घरच्यांना विचारू. तुमचाच ना हा?”

“माझाच,” ताई म्हणाली.

“मग घ्या. कुठे ठेवू?”

ताईनं स्टुडिओतलं सामान बाजूला सारलं. खुर्ची कोपऱ्यात ढकलली. गुंडाळी जमिनीवर आडवी ठेवली तेव्हा तिनं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळी जागा व्यापली. ताई तिच्याशेजारी खाली बसली आणि वरून हात फिरवू लागली, झोपलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मामांनी तोंड वळवलं. माणसं एकेक करून जिना उतरून गेली.

मुकादम गेला नाही. दाराशी टोपी हातात फिरवत उभा राहिला.

“काय हो?” ताईनं वर न बघता विचारलं. “बोला.”

“नाही, राग मानणार नसाल तर… आता बोलायची वेळ नाही, पण पुन्हा कुठे भेटाल. कापड पक्कं आहे हे. पाणी लागलं तरी काही होत नाही.” त्यानं घसा साफ केला. “चेहरा नको, चेहरा तुमचा तुम्हाला. खालचा तेवढा अक्षरांचा तुकडा कापून द्याल का? घरी न्हाणीला दार नाही. पोरगी मोठी झालीय.”